गालिच्याला पाणी नको, ऊन द्या

पत्र

सप्रेम नमस्कार. आमचं घर वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी श्रीनगरहून एक लोकरी गालिचा आणला होता, सहा बाय चारचा. ते गेल्यावर मी तो कधी ट्रंकेत, कधी बाहेर असा जपला. या गणपतीला माणसं खूप आली म्हणून माजघरात अंथरला. ओल्या पायांची ये-जा झाली, एका पाहुण्याच्या ताटातली आमटी सांडली. विसर्जनानंतर मी तो खळ्यात साबणाच्या पावडरीने घासून धुतला. वाळायला तीन दिवस लागले, मध्ये दोनदा सर आली. हाताला कोरडा लागला म्हणून पुन्हा अंथरला, तर आठ दिवसांत कुबट वास सुटला आणि खालच्या बाजूला पांढरट करडे ठिपके आले. आमटीचा डागही पिवळ्याचा लाल झाला. शेजारीण म्हणते, "मीठ घाल गो, सगळी ओल ओढून घेता." सून म्हणते, टाकून द्या, बाळ रांगायला लागलंय, त्याला शिंका येतात. माझं मन होत नाही. माझ्या हातूनच तो खराब झाला का? आता काही होण्यासारखं आहे का?

— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर

ताई, आधी बाळाचं. हे वाचून होताच गालिचा माजघरातून उचला आणि पडवीत किंवा गोठ्याच्या कोरड्या बाजूला नेऊन ठेवा. बुरशी आलेली लोकर आणि रांगतं मूल एका खोलीत असताच कामा नये. बुरशीचे बारीक कण हवेत उडतात आणि बाळाचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं. शिंका त्यानेच येतात की दुसऱ्या कशाने, ते डॉक्टर सांगतील आणि त्यांना दाखवाच. पण सूनबाई म्हणतात त्यातला हा भाग खरा आहे. टाकून द्यायची घाई मात्र आज नको. गालिचा वाचण्याची आशा चांगली आहे, कारण पाऊस सरत आलाय आणि ऑक्टोबरचं ऊन दारात आहे.

तुमची चूक झाली का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. धुवायला नको होता हे खरं. पण "हाताला कोरडा लागला" या शब्दांत सगळं आलं, आणि तिथे कुणीही फसलं असतं. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. सुती कपडा ओला असला की लगेच कळतं, लोकर कळू देत नाही. त्यातून तुमच्या गालिच्याचे केस लोकरीचे असले तरी ज्या धाग्यांवर त्या गाठी मारल्यात ते काश्मिरी गालिच्यांत बहुतेक सुती असतात. वरची लोकर लवकर वाळल्यासारखी वाटते, आतला सुती ताणा, म्हणजे तेच गाठींखालचे उभे धागे, दिवसेंदिवस ओला राहतो. ओल्या वस्तूला बुरशी धरायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पुरतात. तुम्हाला तीन दिवस लागले, त्यात दोन सरी. एवढंच झालं.

आमच्याकडे हेच जास्त वाईट रीतीने झालं होतं. दापोलीच्या घरातला आईचा लाल गालिचा मी हौसेने शहरातल्या एका धुलाईवाल्याकडे दिला. छान चकाचक होऊन, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून परत आला. दिवाळीला उघडू म्हणून मी तो तसाच कपाटावर ठेवला. सव्वा महिन्याने प्लास्टिक फाडलं तेव्हा आत पाण्याचे थेंब होते आणि गालिच्याची एक कड बोटाने चुरडत होती. ती कड परत आली नाही. आजही आईला भेटायला गेले की नजर आधी तिथे जाते. तेव्हापासून मी हे एकच सगळ्यांना सांगत आले आहे: देशावर गालिच्याचा वैरी धूळ असेल, आपल्या किनारपट्टीवर त्याचा वैरी ओल आहे. धुळीने गालिचा मळतो. ओलीने तो कुजतो.

आता मिठाबद्दल, कारण हा उपाय आपल्याकडे घरोघरी सांगतात आणि सांगणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं. तुमच्या शेजारणीचं अर्धं बरोबर आहे, मीठ ओल ओढतं. पण ओढलेली ओल ते कुठे नेत नाही, तिथेच धरून बसतं. श्रावणात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते आठवा. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी पिऊन विरघळायला लागतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे गालिच्यात मुरलेलं मीठ दरवर्षी पावसात त्याला नव्याने ओलं करणार. समुद्राच्या इतक्या जवळ राहिल्याने तुमच्या गालिच्यात वाऱ्याबरोबर आलेला खार आधीच थोडा असणार. खिडकीच्या काचा चिकट होतात, गज गंजतात, तोच हा खार. त्यात आणखी भर नको.

आता काय करायचं ते. सलग दोन-तीन दिवस कडक ऊन पडेल अशी उघडीप बघा. सकाळी दव आटल्यावर, नऊ-साडेनऊला, खळं स्वच्छ झाडून घ्या आणि त्यावर जुनं सुती लुगडं किंवा चादर पसरा. तोंडाला मास्क लावा, नसेल तर ओला रुमाल बांधा. गालिचा उलटा, म्हणजे पाठ वर करून घाला. वारा तुमच्या पाठीकडून वाहत असू दे आणि घराच्या खिडक्या बंद ठेवा. मऊ ब्रशने, कपड्याचा असतो तसा, ते पांढरट ठिपके कोरडेच झटकून काढा. हिराचा खराटा चुकूनही नको, तो गाठींमधला धागा ओढून काढतो. आणि ओलं फडकंही आत्ता नको. ओल्या फडक्याने बुरशी पुसली जात नाही, पसरते.

ठिपके झटकले की गालिचा तसाच उलटा उन्हात राहू दे. पाठीला ऊन दोन-तीन तास पोटभर द्या, सुलट बाजूला अर्धा-पाऊण तास पुरे, नाहीतर रंग उतरतात. दुपारी चारच्या आत उचला, कारण संध्याकाळी खारा वारा सुटला की दिवसभर कमावलेला कोरडेपणा जातो. असं तीन दिवस करा. रात्री घरात आणल्यावर जमिनीवर पसरू नका, दोन खुर्च्यांच्या पाठींवर बांबू ठेवून त्यावर टाका म्हणजे खालून वारा लागेल. पंखा चालू ठेवा. बाळाची खोली सोडून, अर्थात.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट तपासा, आणि ती करताना घाई करू नका. जिथे ठिपके सर्वात दाट होते तो भाग दोन्ही हातांत धरा, कानाजवळ न्या आणि अगदी हलकेच मागे वाकवा. काही ऐकू आलं नाही आणि तो लवचिकपणे वाकला तर ताणा शाबूत आहे, काळजी सोडा. वाळकं पान मोडावं तसा करकर आवाज आला तर आतले सुती धागे कुजलेत. तसं असेल तर तिथे आणखी वाकवू नका, झोडपू नका, त्या जागी पाय पडू देऊ नका. एखादा कोपरा असेल तर जाणकार रफूगर नवे धागे भरून देतो. काश्मिरी कारागीर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत आणि मुंबईत असे लोक भेटतात. मोठा भाग गेला असेल तर तो पायाखाली घालायचा गालिचा राहिला नाही, घरातल्या आतल्या कोरड्या भिंतीवर टांगायचा झाला. बाहेरच्या जांभ्याच्या भिंतीवर नको, ती पावसात पाझरते.

तिसऱ्या दिवसानंतरही वास राहिला तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी घ्या. त्यात सुती फडकं बुडवून पिळा, इतकं पिळा की एकही थेंब पडू नये, आणि पाठीवरून फक्त पुसून घ्या. लगेच उन्हात. त्याआधी रंगाची परीक्षा मात्र करा: पांढरं ओलसर फडकं गालिच्याच्या गडद लाल भागावर मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर गुलाबी छटा आली तर हा उपाय सोडून द्या आणि फक्त ऊन-वारा देत राहा. केस रेशमाचे असतील तरी हा प्रयोग नको. बाजारातलं डाग काढायचं ब्लीच लोकरीला कधीच नको. ते लोकर अक्षरशः विरघळवतं.

साबणाच्या पावडरीचंही सांगते. ती क्षारी असते, लोकर त्याने खरखरीत आणि निस्तेज होते. तुमचा आमटीचा डाग लाल झाला तोही त्यामुळेच. हळद साबणाला भेटली की लाल होते. जेवताना हळदीचे झालेले हात साबणाने धुताना दिसतं तेच. घाबरू नका, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. तेवढाच डाग उघडा राहील असं बाकीच्या सुलट बाजूवर कापड टाका आणि डागाला रोज तास-दोन तास ऊन द्या. आठवड्याभरात फरक दिसेल. कोकमाच्या आगळाला मात्र उलट करायचं असतं. तो सांडला की लगेच टिपायचा, थंड पाण्याचे थेंब टाकून पुन्हा टिपायचा, आणि सोडा किंवा साबण लावायचाच नाही, लावला की डाग निळसर काळपट होऊन बसतो. काजूच्या बोंडाचा रस वाळला तर जात नाही, हे सांगून ठेवते. बोंडं गालिच्यावर बसून खाऊच नयेत, मुलांनी तर नाहीच.

डाग कुठलाही असो, घासायचं नाही. टिपायचं, कडेकडून मधे. घासल्याने डाग आत जातो आणि लोकरीचा तेवढा तुकडा गुंता होऊन कायमचा वेगळा दिसतो. आपल्या लाल मातीच्या पायांचंही तसंच. चिखल ओला असताना हात लावायचा मोह होतो, तो आवरा. ती माती म्हणजे जांभ्याचा बारीक गंज आहे, ओल्यात घासली की धाग्यात रुतते. पूर्ण वाळू द्या, मग ब्रशने उडवा, निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं.

ऊन देऊन झालं की झोडपणं. तुम्ही किनाऱ्यावर राहता, घरात येणाऱ्या प्रत्येक पायाबरोबर पुळणीची वाळू येते. ती वरच्यावर दिसत नाही, केसांच्या मुळाशी जाऊन बसते, आणि आपण चालतो तेव्हा तिच्या कडा धाग्याला खालून कापत राहतात. म्हणून गालिचा दोरीवर टांगून बडवण्यापेक्षा स्वच्छ, कोरड्या सिमेंटच्या जमिनीवर उलटा घाला आणि पाठीवर हाताने किंवा सपाट फळीने थोपटा. जोर नको, पोळपाटावर भाकरी थापता तेवढा हात पुरे. मग गालिचा बाजूला सरकवा आणि खालची जमीन बघा. वाळूची एक रांगोळी पडलेली दिसेल, बऱ्याचदा गालिच्याची नक्षी तशीच्या तशी. ती झाडा, पुन्हा घाला, पुन्हा थोपटा. जमीन कोरी दिसेपर्यंत. पहिल्या वेळी आमच्याकडे सात फेऱ्या लागल्या होत्या. दोन कोपरे धरून झटकायचं मात्र नाही, त्या हिसक्याने कडेच्या गाठी सुटतात. व्हॅक्युम क्लीनर असेल तर फिरता ब्रश बंद करून केसांच्या दिशेने सावकाश फिरवा आणि झालरीपासून दूर राहा. ती झालर शोभेला शिवलेली नसते, ती गालिच्याच्या ताण्याचीच टोकं असतात. झालर तुटली की गाठी उसवायला सुरुवात होते.

हे करत असताना पाठीवर एक फूटपट्टी ठेवून एका इंचात किती गाठी बसतात ते मोजा. सूनबाईंना बोलवून मोजा. आडव्या इंचात सोळा आणि उभ्या इंचात सोळा भरल्या, तर चौरस इंचात २५६ झाल्या. तुमच्या सहा बाय चारच्या गालिच्यात ३,४५६ चौरस इंच आहेत, म्हणजे ८ लाख ८४ हजार गाठी, आणि एकेक हाताने मारलेली. काश्मिरात विणकर 'तालीम' नावाच्या खुणांच्या चिठ्ठीवरून रंग वाचत वाचत त्या मारतात. तुमच्या यजमानांनी ही वस्तू का आणली आणि तुम्हाला ती का टाकवत नाही, हे सुनेला सांगायला यापेक्षा सोपी जागा मला सुचत नाही. तिच्याही बाजूने सांगते, तिचा आग्रह गालिच्याबद्दल नाही, बाळाबद्दल आहे. बाळ दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत गालिचा त्याच्या वावरण्याच्या खोलीत अंथरायचा नाही, असं तुम्हीच आपणहून म्हणा.

आता पुढच्या वर्षाचं. गालिचा माजघरातल्या कुठल्या जमिनीवर होता ते तुम्ही लिहिलं नाहीत. सारवलेल्या जमिनीवर असेल तर तिथे पुन्हा कधीच नको, ती ओल खालून देतच राहते. फरशी असेल तरी एकदा परीक्षा घ्या. दीड-दोन फुटांचा जाड प्लास्टिकचा तुकडा फरशीवर ठेवून चारी कडांना चिकटपट्टी लावा आणि एक पूर्ण दिवस-रात्र तसाच ठेवा. उचलल्यावर खालच्या बाजूला बाष्प किंवा फरशीवर काळपट ओल दिसली, तर जमिनीतून ओल चढते आहे. जुन्या घरांत जोत्याखाली ओलीला अडवणारा थर नसतो, म्हणून हे फार घरांत निघतं. अशा जागी गालिचा फक्त जानेवारी ते एप्रिल, आणि तोही रोज सकाळी एक कड उचलून वारा देऊन.

एरवी दिवाळीपासून वैशाखापर्यंत खुशाल वापरा. शिमग्यात पालखी घरी येते तेव्हा अंथरायला यापेक्षा चांगला आसनाचा मान दुसरा कुठला? गुलाल सांडला तर कोरडाच झटकायचा, पाणी लागता कामा नये, एवढं लक्षात ठेवा. पण मृगाच्या आधी, वैशाखातल्या शेवटच्या कडक उन्हात, त्याला तीन दिवस ऊन देऊन, थोपटून, गुंडाळून ठेवायचा. घडी नको, घडीवर धागे तुटतात. प्लंबरकडे मिळतो तो प्लास्टिकचा जाड पाइप घ्या, त्यावर जुनं सुती लुगडं गुंडाळा, आणि केस ज्या दिशेला लवतात त्या दिशेने गालिचा त्यावर सैलसर गुंडाळा. वरून पुन्हा सुती चादर. प्लास्टिक नाही, ट्रंक तर नाहीच. पत्र्याच्या ट्रंकेत रात्री थंडाव्याने पाणी सुटतं आणि ते तिथेच राहतं. माळ्यावर ठेवणार असाल तर कौलाला गळती नाही ना, हे स्वतः वर चढून किंवा कुणाला चढवून बघा, आणि उंदरांची वाट बुजवा. त्यांना पिल्लांसाठी लोकरीइतकं मऊ अंथरूण दुसरं मिळत नाही. चुलीच्या वर मात्र नको, धुराचा काळा थर लोकरीतून निघत नाही.

कसरीचं भय लोकरीला असतंच. लोकर खातात त्या अळ्या, उडणारं पतंग खात नाही, आणि अळ्यांना अंधार, शांतता आणि मळलेली लोकर आवडते. म्हणून ठेवण्याआधी स्वच्छ करणं आणि पावसात दर तीन आठवड्यांनी, उघडीप मिळाली की, उलगडून दोन तास वारा देणं, हेच खरं औषध. सुका कडुलिंब, कापूर ठेवायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. डांबराच्या गोळ्या मात्र या घरात, बाळ असताना, कुठेही नकोत. काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्या वाफेने फुटतात आणि त्यांना कावीळ होते. गोधड्यांमध्ये असतील त्याही काढून टाका, आजच.

आणि पुढच्या गणपतीला सोलापुरी सतरंजी अंथरा. सुती असते, मळली तर धुता येते, पंख्याखाली एका रात्रीत बऱ्यापैकी वाळते, आणि ओल्या पायांच्या पन्नास माणसांचा तिला त्रास नाही. दारात काथ्याचं जाड पायपुसणं दोन ठिकाणी टाका, एक ओट्याच्या पायरीशी आणि एक उंबऱ्याच्या आत. निम्मी पुळण तिथेच राहील.

ऊन पडल्यावर पहिल्या दिवशी वाकवून बघितलंत की आवाज आला का, ते मला कळवा. आला असेल तर गालिच्याच्या पाठीचा तेवढ्या भागाचा फोटो पाठवा, मग रफूगराला काय विचारायचं ते लिहिते.